चहाडखोर ठिपका

पिस्तुलाची फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर दिसू लागली तेव्हा मी आधी चष्मा पुसला, मग साइट पुसली आणि शेवटी रेंजवरच्या दिव्यांना दोष दिला. पंचवीस मीटरवरचे टार्गेट स्वच्छ दिसत होते. मागच्या साइटची खाच तर पूर्वीपासून थोडी अंधुकच दिसायची. पण त्या दोहोंच्या मधली ती काळी, धारदार, चौकोनी कड, जिच्यावर बावीस वर्षे माझी नजर विनासायास जाऊन बसत आली होती, ती मात्र कुणीतरी ओल्या बोटाने फिसकटल्यासारखी झाली होती. शेजारच्या लेनमध्ये नेहमी उभे राहणारे एक ज्येष्ठ नेमबाज माझी ही पुसापुशी बराच वेळ पाहत होते. त्यांनी कानावरचे मफ किंचित सरकवून शांतपणे विचारले, "वर्तमानपत्र हल्ली किती लांब धरून वाचता?" प्रश्नाचा रोख कळला आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला.

चाळिशी हा शब्द आपण चष्म्यालाही वापरतो आणि वयालाही, आणि माझ्या बाबतीत दोन्ही एकदमच अंगावर आले होते. डोळ्यातले भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर एकवटण्याची त्याची लवचीकता कमी होते. पुस्तकाच्या बाबतीत यावर उपाय सोपा असतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र अडचण अशी की उघड्या साइटने नेम धरताना मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. म्हणून प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवसापासून बजावले जाते की पुढची साइट स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट अंधुक झाले तरी चालेल. या नियमामागे साधे गणित आहे. दोन साइटमधले अंतर सोळा सेंटिमीटर धरले, तर त्यांच्या जुळणीत झालेली एका मिलिमीटरची चूक पंचवीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरहून मोठी होते. जी कड स्पष्ट दिसतच नाही, ती खाचेच्या मध्यभागी आहे की मिलिमीटरभर उजवीकडे, हे ठरवायचे तरी कशाच्या आधारावर?

पुढच्या साइटच्या अंतराला जुळणारी काच घातलेला नेमबाजीचा चष्मा मी दीड वर्ष वापरला. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत केवळ उघड्या साइटना परवानगी आहे, त्यामुळे तिथे खेळणाऱ्यासाठी हा मार्ग अपरिहार्यच असतो आणि एका जागी उभे राहून संथपणे मारायच्या गोळ्यांसाठी तो चांगलाही आहे. मी मात्र एव्हाना एका टार्गेटवरून दुसऱ्याकडे वळत खेळायच्या प्रकारांत रमलो होतो, आणि तिथे सगळे जग करड्या धुक्यात बुडवून केवळ एक कड स्पष्ट ठेवणे मला असह्य झाले. तेव्हा त्याच ज्येष्ठांनी स्वतःचे रिफ्लेक्स साइट, म्हणजे छोट्या काचेत नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट, लावलेले पिस्तूल, रिकामे असल्याचे दोघांनी तपासल्यावर, माझ्या हातात दिले.

मी ते सवयीने उचलले, डोळ्यासमोर आणले आणि मला दिसली ती निव्वळ रिकामी काच. ठिपका नावाची गोष्ट त्यात कुठेच नव्हती. मी मनगट वर केले, खाली केले, मान तिरकी केली. एकदा काहीतरी लाल चमकून कोपऱ्यातून निसटले. "हा बंद आहे का?" असे मी विचारताच ते म्हणाले, "ठिपका त्याच्या जागेवरच आहे. तुमचे मनगट जागेवर नाही." पुढच्या चार वर्षांत या साइटबद्दल मी जे काही शिकलो, ते बहुतेक या एका वाक्याचा विस्तारच आहे.

ठिपका काचेवर काढलेला नसतो, हे आधी समजून घ्यावे लागते. साइटच्या मागच्या भागात एक अगदी छोटा एलईडी असतो. समोरची काच किंचित वक्र असते, आणि तिच्यावरचा लेप तेवढाच लाल रंग परत फेकतो, बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. म्हणूनच अशा काचेतून पाहिले की जग जरासे निळसर वाटते. एलईडी त्या वक्र आरशाच्या नाभीवर बसवलेला असल्यामुळे परावर्तित किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, आणि डोळ्याला वाटते की हा प्रकाश फार दुरून येतो आहे. परिणामी ठिपका आणि टार्गेट जणू एकाच अंतरावर दिसतात आणि नजरेला पुढेमागे धावावे लागत नाही. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला याहून मोठे दान कुठले असणार! ही कल्पना अलीकडची नाही. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी ती १९०० मध्ये मांडली, आणि पुढे लढाऊ विमानांमध्ये ती रुजली. हातात धरायच्या शस्त्रासाठी मात्र पुरेसा छोटा आणि कमी वीज खाणारा प्रकाशस्रोत मिळेपर्यंत थांबावे लागले. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली. नव्वदच्या दशकात वेगवान पिस्तूल स्पर्धांतल्या खुल्या गटात असा ठिपका नेहमीचा झाला, पण तेव्हाच्या मोठ्या साइट पिस्तुलाच्या सांगाड्यावर पक्क्या बसवलेल्या असत. दर गोळीला मागेपुढे आपटणाऱ्या स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, बसून टिकाव धरील अशी चिमुकली, दणकट साइट सर्रास मिळू लागली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत.

माझी पहिली खरेदी चुकीची ठरली, आणि चूक पूर्णपणे माझी होती. ठिपक्याचा आकार एमओएमध्ये, म्हणजे कोनाच्या मिनिटांत मोजतात. एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि एवढा कोन पंचवीस मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर झाकतो. म्हणजे त्या अंतरावर २ एमओएचा ठिपका पंधरा मिलिमीटरचा, ३ चा बावीस आणि ६ चा चव्वेचाळीस मिलिमीटरचा होतो, तर प्रिसिजन टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ पन्नास मिलिमीटरचे असते. हे आकडे कागदावर मांडून मी असा निष्कर्ष काढला की जितका बारीक ठिपका तितका अचूक नेम, आणि २ एमओएची साइट घेतली. प्रत्यक्षात तो बारीक ठिपका उजेडात मला चटकन सापडेना, म्हणून मी प्रखरता वाढवली. वाढवली की तो फुलून त्याच्या कडा पसरत आणि बारीकपणाचा सगळा फायदा वाया जाई. नंतर घेतलेला ६ एमओएचा ठिपका मंद ठेवूनही लगेच दिसतो. तो दहाचे वर्तुळ जवळजवळ झाकून टाकतो हे खरे, पण मोठ्या गोल ठिपक्याचा मध्य काळ्या गोलाच्या मध्यावर ठेवायला डोळ्याला काहीच कष्ट पडत नाहीत. केवळ कागदावर संथ गोळ्या मारणाऱ्याने लहान ठिपका जरूर घ्यावा. बाकीच्यांना मी मोठाच सुचवीन, आणि वय सांगितले तर आग्रहही धरीन.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. त्या पहिल्या साइटमधला ठिपका मला गोल दिसतच नव्हता. खाली डावीकडे शेपूट असलेल्या स्वल्पविरामासारखा दिसत होता. साइट सदोष आहे असे मी ठरवले आणि विक्रेत्याला एक लांबलचक, तिखट पत्रही लिहिले. पत्र पाठवण्यापूर्वी ते ज्येष्ठांना दाखवले, हे नशीबच. त्यांनी मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून ठिपक्याचे छायाचित्र काढायला सांगितले, कारण कॅमेऱ्याला सिलिंडरचा नंबर नसतो. छायाचित्रात ठिपका मोत्यासारखा गोल होता. मग त्यांनी साइट हातात घेऊन पाव फेरी फिरवायला लावली. दोष साइटमध्ये असता तर तिच्याबरोबर शेपूटही फिरले असते, पण ते होते तिथेच, खाली डावीकडेच राहिले. म्हणजे शेपूट माझ्या डोळ्यातले होते. बुबुळाचा पृष्ठभाग सर्व दिशांनी सारखा वक्र नसला की बिंदूचा बिंदू दिसत नाही, कुणाला त्याचा स्वल्पविराम दिसतो, कुणाला चांदणी, कुणाला द्राक्षाचा घोस. माझ्या चष्म्यातला सिलिंडरचा नंबर दोन वर्षे जुना होता. नवा चष्मा आला, प्रखरता एक पायरी उतरवली, आणि शेपूट जवळजवळ नाहीसे झाले. साइट विकत घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत हा सल्ला जाहिरातीत कुणी देत नाही, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

साइट उघडी घ्यावी की बंद, याविषयी नेमबाज तावातावाने वाद घालतात. उघड्या साइटमध्ये एलईडी आणि काच यांच्या मधली जागा मोकळी असते. त्यात पावसाचा थेंब, माती किंवा कापडाचा एक धागा जरी पडला तरी किरणांची वाट अडते. एकदा माझ्या पिशवीतल्या फडक्याचा तंतू तिथे अडकला आणि ठिपक्याच्या जागी केसाळ कोळी बसलेला दिसू लागला. बंद साइटमध्ये ती वाट दोन काचांच्या पेटीत सुरक्षित असते, बाहेरची काच नुसती पुसली की भागते. त्याबदल्यात थोडे वजन आणि थोडी जाडी सोसावी लागते. छताखालच्या रेंजवर खेळणाऱ्याला उघडी साइट पुरते. मी पावसात एक सामना ओल्या काचेशी झगडण्यात घालवल्यानंतर बंदकडे वळलो. बॅटरीबाबत मात्र माझे मत ठाम आहे. ती वरून किंवा बाजूने बदलता आली पाहिजे. काही साइटमध्ये ती तळाशी असते, म्हणजे बॅटरी बदलायला साइट उतरवा, पुन्हा बसवा आणि पुन्हा झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी यांची जुळणी, तपासा. मधल्या प्रखरतेवर पन्नास हजार तास चालण्याचे दावे आता नवलाचे राहिलेले नाहीत, आणि पन्नास हजार तास म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ. तरीही मी दरवर्षी माझ्या वाढदिवशी सीआर २०३२ची नवी बॅटरी घालतो, कारण तारीख लक्षात ठेवायला ती सोपी.

बसवण्याच्या कामात मी एक अख्खा आठवडा गमावला. साइटच्या तळाचा साचा, ज्याला फूटप्रिंट म्हणतात, प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. स्लाइडवर आधी जुळणारी पट्टी आणि तिच्यावर साइट, किंवा थेट साइटच्या मापाने कोरलेली स्लाइड, असे दोन मार्ग असतात. मी पट्टी वापरली आणि स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळले. तासाभराच्या सरावात गोळ्यांचा पुंजका हळूहळू डावीकडे सरकू लागला. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे गेल्या की दोष ट्रिगरवरच्या बोटाचा, हे आम्हा सर्वांच्या इतके अंगी मुरलेले असते की मी आठवडाभर बोटाची जागा बदलत राहिलो. आठव्या दिवशी साइटला सहज अंगठा लागला आणि ती हलली. त्यानंतर मी स्क्रू आणि भोके तेलरहित करून, स्क्रू घट्ट धरणारा निळा द्रव एक थेंब लावून, पिळाच्या मोजमापाच्या पेचकसाने निर्मात्याने दिलेल्या आकड्याइतकेच आवळतो आणि स्क्रूच्या डोक्यावरून बाजूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. स्क्रूची लांबीही तपासावी. गरजेपेक्षा लांब स्क्रू वरवर घट्ट वाटतो, पण तळाशी टेकून थांबलेला असतो, आणि काही पिस्तुलांत तो आतल्या भागांना अडथळाही करतो.

झिरो करणे त्यामानाने सरळ आहे. हात पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे पुंजके पाडायचे आणि पुंजक्याच्या मध्याप्रमाणे साइट फिरवायची, एकट्या गोळीच्या मागे धावायचे नाही. एक टिचकी एका एमओएची असेल तर पंचवीस मीटरवर सात मिलिमीटर सरकते, दहा मीटरवर जेमतेम तीन. लक्षात ठेवायचे ते इतकेच की ठिपका नळीच्या वर सुमारे अडीच सेंटिमीटर असतो. म्हणून पंचवीस मीटरला झिरो केलेले पिस्तूल पाच मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर खाली मारते, आणि ते तसेच मारणार. तिथे साइटला हात लावायचा मोह आवरावा. ठिपका काचेच्या मध्यभागीच हवा असेही नाही. तो कोपऱ्यात असला तरी, काच नीट घडवलेली असेल तर, नेमातला फरक काचेच्या निम्म्या रुंदीइतका, म्हणजे सेंटिमीटरभराचा असतो. हे कळल्यावर माझी निम्मी घाई संपली.

आता त्या हरवलेल्या ठिपक्याबद्दल. उघड्या साइटची सवय असलेला माणूस पिस्तूल वर आणताना पुढची साइट शोधतो. ती थोडी वर किंवा बाजूला असली तरी दिसते, आणि हात आपोआप तिला खाचेत आणून बसवतो. म्हणजे बावीस वर्षे माझा हात दर वेळी थोडा चुकत होता आणि डोळा ती चूक गुपचूप सावरून घेत होता. ठिपक्याने ही सोय काढून घेतली. पिस्तुलाचे नाक थोडे जरी वर असले तरी काच रिकामी, आणि रिकामी काच ठिपका कुठल्या बाजूला गेला हेही सांगत नाही. उपाय एकच होता, हजारो वेळा कोरडा सराव. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करायची, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि भिंतीवरच्या एका छोट्या खुणेकडे एकटक पाहत पिस्तूल नजरेच्या रेषेत आणायचे. डोके खाली घालून पिस्तुलाला भेटायला जायचे नाही. पिस्तुलाने डोळ्याकडे यायचे. सुरुवातीला मी शेवटच्या वितीत ते झोकाने वर फेकत असे. आधी छातीसमोर दोन्ही हात जुळवून मग सरळ रेषेत पुढे ढकलू लागलो, तेव्हा ठिपका काचेच्या वरच्या कडेतून डोकावू लागला आणि दोनेक महिन्यांनी मधोमध येऊ लागला.

दुसरी खोड नजरेची. लाल, तेजस्वी वस्तू दिसली की डोळा तिच्याकडे ओढला जातो, आणि ठिपक्याकडे पाहत नेम धरला की या साइटचा मूळ फायदाच बुडतो; नजर टार्गेटवर हवी आणि ठिपका तिच्यावर येऊन पडायला हवा. यासाठी ज्येष्ठांनी एक विचित्र वाटणारी युक्ती सांगितली. काचेच्या पुढच्या बाजूला अपारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. आता उजव्या डोळ्याला ठिपका दिसतो पण टार्गेट दिसत नाही, डाव्याला टार्गेट दिसते पण ठिपका नाही, आणि मेंदू दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून देतो. नजर टार्गेटवर असेल तरच हे जमते. ती ठिपक्यावर ओढली गेली की समोर नुसती पट्टी उरते. आठवड्यातून एकदा तरी मी अजूनही हा सराव करतो.

आणि मग ते थरथरणे. पहिल्या दिवशी ठिपका टार्गेटवर असा नाचत होता की मला वाटले, हाताला काही आजार झाला असावा. थरथर पूर्वीही तेवढीच होती. धूसर टार्गेट आणि जाड साइट यांनी ती झाकून ठेवली होती. ठिपका चहाडखोर निघाला. हात किती हलतो, श्वास कुठे अडकतो, करंगळी ऐनवेळी कशी आवळली जाते, सगळे त्याने सांगून टाकले. याचा पहिला परिणाम वाईट झाला. ठिपका मध्यावरून जात असताना तो क्षण पकडायला मी ट्रिगर झटक्यात ओढू लागलो, आणि गोळ्या खाली डावीकडे जाऊ लागल्या. तेव्हा ज्येष्ठांनी मला हिशेब मांडायला लावला. ठिपका जेवढ्या गोलात फिरतो आहे तेवढ्यातच गोळ्या पडतील. तो गोल काळ्या भागात असेल तर तुमचे बिघडले काय? ठिपका फिरू द्यावा, ट्रिगरवरचा दाब न थांबवता वाढवत राहावे. हे पटायला एक मिनिट लागले आणि जमायला एक वर्ष.

कोरड्या सरावात चहाडी आणखी स्पष्ट होते. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी ठिपका किंचित बुडाला, तर बोट साऱ्या मुठीला ओढते आहे. गोळी सुटल्यावर तो काचेतून वर उडतो, आणि परत येतो तो कुठे, हेही वाचता येते. माझा ठिपका परत येताना टार्गेटच्या खाली जाऊन मग वर चढत असे, म्हणजे पुढच्या धक्क्याच्या धास्तीने मीच पिस्तूल खाली दाबत होतो. उघड्या साइटने एवढ्या वर्षांत हे मला एकदाही सांगितले नव्हते. कदाचित सांगितले असेल आणि मी ऐकले नसेल.

मागच्या वाढदिवशी जुनी बॅटरी काढल्यावर नवी लगेच घातली नाही. माझ्या पिस्तुलावर उंच उघड्या साइटही आहेत, ठिपका बंद पडला तर काचेतून दिसाव्यात म्हणून ठेवलेल्या. त्यांनी मी पाच गोळ्या मारल्या. पुढची साइट आता नुसती एक काळी सावली राहिली आहे, कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते हे कळत नाही. तरी पिस्तूल वर आले ते थेट जागेवर आले आणि शोधाशोध करावी लागली नाही. पाचही गोळ्या काळ्यात होत्या, पुंजका रुंद, थोडा उजवीकडे. शेजारच्या लेनमधून दुर्बिणीतून टार्गेट पाहत ज्येष्ठ म्हणाले, "ठिपका चालू होता का?" मी नाही म्हणालो. ते पुन्हा दुर्बिणीला डोळा लावत म्हणाले, "मग आता उजवीकडे का गेल्या ते शोधा," आणि मी खिशातून नवी बॅटरी काढली.